क्रिस्टलाइन माल कमी स्टीममध्ये कसा वाळवायचा: कामाचा क्रम, चेक आणि नेहमीच्या चुका

माल वाळत नाहीये, बॅचला दोन तास जास्त लागतायत, स्टीम वाढलीय, अशी तक्रार आली की बहुतेक प्लांटमध्ये आधी हवेचं टेंपरेचर वाढवतात, त्याने भागलं नाही की ब्लोअर फुल्ल करतात, आणि तरीही भागलं नाही की कुणीतरी हीट रिकव्हरीचं कोटेशन मागवतं. हा क्रम पूर्ण उलटा आहे. सगळ्यात मोठी बचत ड्रायरच्या आधी होते, क्रिस्टलायझर (जिथे द्रावणातून दाणे बनतात) आणि सेंट्रीफ्यूजवर (जिथे ते गरगर फिरवून निथळतात). त्यानंतर हवेच्या सेटिंगमध्ये. हीट रिकव्हरीचा नंबर सगळ्यात शेवटी. मी बरीच वर्षं सॉल्ट आणि ऑरगॅनिक इंटरमीडिएटच्या ड्रायरवर काम केलंय आणि त्याच चार-पाच चुका प्रत्येक ठिकाणी बघितल्यात, म्हणून इथे जसं करायचं त्याच क्रमाने लिहितोय. मधला टप्पा गाळून पुढे गेलात तर पुढच्या टप्प्याचे आकडे जुळणार नाहीत.

## १. आधी पाणी कुठलं आहे ते ओळखा

क्रिस्टलमध्ये पाणी तीन ठिकाणी असतं. एक म्हणजे पृष्ठभागावर आणि दाण्यांच्या मधल्या फटीत राहिलेलं मदर लिकर (ज्यातून क्रिस्टल बनले ते द्रावण), दुसरं क्रिस्टल वाढताना आत कोंडलेलं मदर लिकर, आणि तिसरं हायड्रेटचं, म्हणजे क्रिस्टलच्या रचनेचाच भाग असलेलं. ड्रायरने काढायचं ते पहिलं. दुसरं ड्रायरमध्ये जवळपास निघत नाही, उलट जास्त तापवलं की दाणा आतून फुटतो आणि बारीक भुकटी वाढते. तिसरं बहुतेक वेळा काढायचंच नसतं.

हायड्रेटमध्ये किती पाणी असतं याचा लोकांना अंदाज नसतो. कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेटच्या वजनात ३६ टक्के पाणी आहे, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेटमध्ये ५१ टक्के. मॅग्नेशियम सल्फेटचं हेप्टाहायड्रेट ४८ डिग्रीच्या आसपास हेक्साहायड्रेटकडे जायला लागतं. म्हणजे माल स्वतः ६० डिग्रीला पोचला तर तुम्ही ओलावा काढत नसून स्टीम जाळून प्रॉडक्टच बदलताय, आणि वजनही घालवताय.

आता उलट बाजू. कस्टमरला अ‍ॅनहायड्रस (हायड्रेटचं पाणी नसलेलं) हवं असेल तर ते शक्यतो क्रिस्टलायझरमध्येच बनवा, हायड्रेट बनवून ड्रायरमध्ये पाणी उडवू नका. सायट्रिक अ‍ॅसिड पाण्यातून ३६.६ डिग्रीच्या खाली मोनोहायड्रेट म्हणून येतं आणि त्याच्या वर अ‍ॅनहायड्रस. मोनोहायड्रेटमध्ये ८.६ टक्के पाणी असतं, ते सगळं नंतर वाफ करून काढण्यापेक्षा क्रिस्टलायझेशनच ३६.६ च्या वर ठेवणं कितीतरी स्वस्त. सोडियम सल्फेटचंही तसंच, तिथे सीमा ३२.४ डिग्रीची आहे आणि डेकाहायड्रेटमध्ये तर अर्ध्याहून जास्त वजन पाण्याचंच. या दोन्ही केसमध्ये सेंट्रीफ्यूजमध्ये आणि वॉशमध्येसुद्धा टेंपरेचर सीमेच्या खाली जाऊ द्यायचं नाही, नाहीतर तिथे रूप बदलायला लागतं आणि केक (सेंट्रीफ्यूजमध्ये साचलेला दाण्यांचा ओला थर) दगडासारखा होतो.

चेक: हायड्रेट मालाची एलओडी (तापवल्यावर किती वजन घटलं ते) १०५ डिग्रीला घेऊ नका. त्यात पृष्ठभागाचं आणि हायड्रेटचं पाणी एकत्र मोजलं जातं, रिझल्ट जास्त येतो आणि शिफ्ट बिचारी वाळलेला माल आणखी दोन तास वाळवत बसते. कमी टेंपरेचरला, व्हॅक्यूममध्ये एलओडीची पद्धत बसवा आणि कार्ल फिशरच्या (पाणी मोजायची रासायनिक टेस्ट) एकूण पाण्याशी ताडून बघा. हायड्रेटचं थिअरीचं पाणी वजा करून जे उरतं ते खरं काढायचं पाणी.

चेक: टक्केवारी ओल्या वजनावर आहे की कोरड्या वजनावर? १०० किलो ओल्या केकमध्ये २० किलो पाणी म्हणजे ओल्या वजनावर २० टक्के, पण कोरड्या वजनावर २५. प्रॉडक्शन एक धरतं, क्यूसी (क्वालिटीची लॅब) दुसरं धरतं, आणि मग हिशोब कधीच बसत नाही. एकदाच ठरवा आणि लॉगशीटवर छापून टाका.

## २. आजचा खर्च मोजा

१ किलो पाण्याची वाफ करायला साधारण २,२६० किलोज्यूल लागतात, माल आणि पाणी तापवायची उष्णता धरली तर २,५०० च्या आसपास धरा. ३ बार गेजची स्टीम कंडेन्स होताना किलोमागे साधारण २,१३० किलोज्यूल देते. म्हणजे अगदी आदर्श ड्रायरलाही १ किलो पाणी काढायला सव्वा किलोच्या आसपास स्टीम लागणार, त्याच्या खाली साधा हॉट एअर ड्रायर जाऊच शकत नाही. तुमचा आकडा २ असेल तर ठीकठाक, ३ किंवा ४ असेल तर गळती कुठेतरी नक्की आहे.

स्टीम मीटर नसेल तरी चालतं. हीटरच्या ट्रॅपनंतरचं (ट्रॅप म्हणजे स्टीम अडवून फक्त पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) कंडेन्सेट, म्हणजे स्टीमचं झालेलं पाणी, एका बॅचपुरतं ड्रममध्ये घ्या, मात्र ड्रममध्ये आधी वजन करून थोडं थंड पाणी ठेवा, नाहीतर फ्लॅश होऊन वाफ उडते आणि आकडा कमी येतो. ट्रॅपमधून लाइव्ह स्टीम सरळ निघत असेल तर या टेस्टमध्ये तेही कळतं, ड्रमचं पाणी फार पटकन उकळायला लागतं. गरम कंडेन्सेट अंगावर उडतं, फेस शील्ड आणि ग्लोव्ह्ज घालूनच करा.

काढलेलं पाणी मोजायला केकचं वजन आणि आत-बाहेरचा ओलावा पुरे. हा आकडा, म्हणजे एक किलो पाण्यामागे किती किलो स्टीम, कमीत कमी पाच बॅचचा काढून ठेवा. एका बॅचवर विश्वास ठेवू नका.

## ३. क्रिस्टल मोठे आणि एकसारखे करा

केकमध्ये जे लिकर उरतं ते मुख्यतः दाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून आणि दाणे एकमेकांना टेकतात तिथे अडकून. दाण्याचा व्यास निम्मा झाला की किलोमागचा पृष्ठभाग दुप्पट होतो. म्हणून बारीक भुकटी असलेला केक कितीही स्पिन करा, ओलाच राहतो. आणि मोठ्या दाण्यांमध्ये थोडीशी भुकटी मिसळली तरी ती फटी बुजवते आणि ड्रेनेज बसतं, म्हणून सरासरी साइज बघून समाधान मानू नका, खालच्या बारीक भागाचं प्रमाण बघा.

इथे करायच्या गोष्टी नेहमीच्याच आहेत पण पाळल्या जात नाहीत. सीडिंग (सुरुवातीला तयार बारीक दाणे टाकणं) ठराविक टेंपरेचरला आणि ठराविक वजनाने करा, सुरुवातीला कूलिंग अगदी हळू ठेवा आणि पृष्ठभाग वाढला की मग वेग वाढवा. जॅकेटमध्ये एकदम चिल्ड पाणी सोडलं की भिंतीला पापुद्रा येतो आणि आत बारीक दाण्यांचा पाऊस पडतो. अ‍ॅजिटेटर लागतो तेवढाच फिरवा, दाणे तळाला बसत नाहीत ना एवढं पुरे. स्लरी (लिकर आणि दाण्यांचं मिश्रण) ट्रान्सफरला जोरात फिरणारा सेंट्रीफ्यूगल पंप असेल तर दाणे तिथेच तुटतात, जमलं तर ग्रॅव्हिटीने घ्या.

कूलिंगचा वेळ एक तासाने वाढवला म्हणून प्रॉडक्शनवाले ओरडतात हे मान्य, पण मी बघितलंय की तोच एक तास सेंट्रीफ्यूज आणि ड्रायरमध्ये मिळून दोन-तीन तास वाचवतो.

चेक: सेंट्रीफ्यूजला जाणारी स्लरी आणि ड्रायरमधून आलेला माल, दोन्ही मायक्रोस्कोपखाली बघा. स्लरीत अख्खे दाणे आणि मालात तुकडे असतील तर क्रिस्टलायझरला दोष देऊ नका, तोडफोड पुढे होतेय.

## ४. सेंट्रीफ्यूज: खरी बचत इथे आहे

आधी एक हिशोब बघा. १,००० किलो कोरडा माल, शेवटचा ओलावा ०.२ टक्के हवाय. केक ६ टक्क्यांचा आला तर ड्रायरला सुमारे ६२ किलो पाणी काढायचंय. तोच केक ३ टक्क्यांचा आणला तर फक्त २९ किलो. ड्रायरला हात न लावता काम निम्म्याहून कमी झालं. आणि पाणी फिरवून बाहेर फेकायला जी वीज लागते ती त्याच पाण्याची वाफ करायच्या उष्णतेपुढे किरकोळ आहे. तरीही घाईत कापला जातो तो स्पिनचाच वेळ!

क्रम असा ठेवा:

१. स्लरी घट्ट करून घ्या. पातळ स्लरीने बास्केट (सेंट्रीफ्यूजचा फिरणारा जाळीदार ड्रम) आधी पाण्यानेच भरतं, केक एका बाजूला जाड होतो, मशीन हलायला लागतं आणि ऑपरेटर घाबरून स्पीड कमी करतो. दाणे खाली बसू द्या, वरचं लिकर काढून घ्या, किंवा कंटिन्युअस प्लांटमध्ये हायड्रोसायक्लोन (स्लरी गोल फिरवून दाणे वेगळे करणारं साधन) लावा.

२. फीड कमी स्पीडला, पसरवून. जास्त माल एकाच लोडमध्ये कोंबू नका. केक जाड झाला की लिकरला बाहेर यायला लांब वाट पडते, तीन जाड लोडपेक्षा चार पातळ लोड बऱ्याचदा लवकर संपतात.

३. वॉशची वेळ. केकच्या पृष्ठभागावरची ओली चमक जाते त्या क्षणी वॉश सुरू व्हायला हवा. त्याआधी टाकला तर वॉश मदर लिकरमध्ये मिसळून वाया जातो, उशीर केला तर केकला भेगा पडतात आणि सगळं पाणी भेगांमधून पळतं, दाणे तसेच राहतात.

४. वॉश कशाने. थंड पाणी (पहिल्या टप्प्यातल्यासारखी टेंपरेचरची सीमा असेल तर तिच्या वरचं) किंवा त्याच प्रॉडक्टचं शुद्ध सॅच्युरेटेड सोल्यूशन, थोडं थोडं, स्प्रेने. होज पाइपने ओतू नका.

५. पूर्ण स्पीडचा स्पिन. किती वेळ ते अंदाजाने ठरवू नका. एका दिवशी ५, १०, १५, २० आणि ३० मिनिटांना सॅम्पल काढून ओलाव्याचा ग्राफ काढा (प्रत्येक सॅम्पलला मशीन पूर्ण थांबवून, इंटरलॉक बायपास न करता, म्हणजे प्रत्यक्षात वेगवेगळे लोड वेगवेगळ्या वेळेला थांबवून). ग्राफ जिथे सपाट होतो तिथे थांबा. त्याआधी थांबलात तर ड्रायरला भार, त्यानंतर फिरवलंत तर नुसती वीज.

६. तळाचा थर धुवा. पीलर (चाकूने केक खरवडून काढणाऱ्या) सेंट्रीफ्यूजमध्ये चाकू कापडापर्यंत जात नाही, तिथे एक पातळ थर कायम राहतो आणि काही लोडनंतर तो काचेसारखा गुळगुळीत होतो, मग ड्रेनेज संपलं. ठराविक लोडनंतर तो विरघळवून काढायचा. पहिल्या लोडला जो वेळ लागला त्यापेक्षा ड्रेनेजचा वेळ दीडपट झाला की धुवायची वेळ झाली, असा साधा नियम मी वापरतो.

टेंपरेचरचाही विचार करा. २० डिग्रीच्या पाण्यापेक्षा ५० डिग्रीच्या पाण्याची व्हिस्कॉसिटी जवळपास निम्मी असते, त्यामुळे कोमट केक लवकर निथळतो. पण ज्या मालाची विद्राव्यता टेंपरेचरबरोबर वाढते तो गरम वॉशमध्ये विरघळून जाईल, तिथे यील्ड घालवून स्टीम वाचवण्यात अर्थ नाही. मिठासारखा माल, ज्याची विद्राव्यता टेंपरेचरने फारशी बदलत नाही, तिथे कोमट फीड छान चालतो. साखरेच्या सेंट्रीफ्यूजमध्ये वॉशनंतर स्टीम सोडतात ती याच कामासाठी, चिकटून राहिलेला पाक पातळ होऊन सुटतो.

वॉश नीट असण्याचं दुसरं कारण असं की उरलेल्या लिकरमध्ये विरघळलेलं जे काही आहे ते ड्रायरमध्ये पाणी उडाल्यावर दाणे जिथे टेकतात तिथेच घट्ट होतं, दोन दाण्यांमध्ये पूल बांधतं. ड्रायरमधली ढेकळं आणि बॅगेतले दगड इथून सुरू होतात. शिवाय इम्प्युरिटी पाणी धरून ठेवणारी असेल तर शेवटचा ०.२ टक्का निघता निघत नाही. एका प्लांटमध्ये आम्ही आठवडाभर ड्रायरच तपासत होतो, हीटर साफ केला, फिल्टर बदलले, आणि शेवटी निघालं काय तर वॉशच्या स्प्रे नोझलची चार भोकं बुजलेली.

सावधान: सॉल्व्हेंट असेल तर सेंट्रीफ्यूजमध्ये नायट्रोजन ब्लँकेटिंग (आतली हवा काढून नायट्रोजन भरणं) झाल्याशिवाय आणि ऑक्सिजन मीटर ठरलेल्या मर्यादेच्या खाली आल्याशिवाय स्पिन सुरू करायचा नाही. अर्थिंग दर शिफ्टला तपासा.

## ५. ड्रायरमध्ये माल कसा जातो

ढेकळं आहेत तशी ड्रायरमध्ये टाकू नका. मुठीएवढ्या ढेकळाचा बाहेरचा थर वाळतो, कडक होतो आणि आतलं पाणी आतच राहतं, मग त्या दहा ढेकळांसाठी सगळी बॅच दोन तास जास्त चालते. मोठ्या जाळीच्या चाळणीतून किंवा हलक्या लम्प ब्रेकरमधून काढा. दळू नका, भुकटी होईल.

फ्लुइड बेडमध्ये (खालून हवा सोडून माल उडता ठेवणारा ड्रायर) केक खूप ओला असेल तर तो उडतच नाही, हवा भोक पाडून वर निघून जाते. अशा वेळी आधीच्या बॅचचा थोडा वाळलेला माल खाली ठेवून त्यात ओला मिसळावा, किंवा व्हायब्रेटिंग बेड वापरावा. कंटिन्युअस ड्रायरमध्ये फीड एकसारखा हवा. पाच मिनिटं भरपूर आणि पाच मिनिटं काहीच नाही असा फीड गेला तर कंट्रोलर सतत मागे धावतो, आणि ऑपरेटर वाईटात वाईट पाच मिनिटांना पुरेल एवढं टेंपरेचर कायमचं लावून ठेवतो.

ट्रे ड्रायरमध्ये थर एकसारखा पसरवा, कडेला जागा सोडू नका. हवेला वरून मोकळी वाट मिळाली तर ती तिथूनच जाते. रिकामे ट्रे काढून ठेवले असतील तर त्या जागा बंद करा.

## ६. पहिला टप्पा: पृष्ठभाग ओला असेपर्यंत

हा टप्पा समजला तर अर्धं काम झालं. दाण्याचा पृष्ठभाग ओला आहे तोपर्यंत तो हवेच्या टेंपरेचरला जात नाही, वेट बल्बच्या (पाणी उडताना ओला पृष्ठभाग ज्या टेंपरेचरला थंड राहतो ते) आसपास राहतो. १०० डिग्रीची, किलोमागे १० ग्रॅम ओलावा असलेली हवा घेतली तर ओला दाणा साधारण ३५ डिग्रीच्या आसपासच असतो (लिकरमध्ये भरपूर सॉल्ट विरघळलेलं असेल तर थोडा वर). म्हणजे माल नाजूक आहे म्हणून सुरुवातीपासून ६० डिग्रीची हवा लावायची गरज नाही. सुरुवातीला गरम, नंतर सौम्य, असं दोन टप्प्यांत केलं की वेळही वाचतो आणि स्टीमही.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. हवेने दिलेल्या उष्णतेतली किती कामाला आली याचा ढोबळ हिशोब असा: आत येणाऱ्या गरम हवेचं टेंपरेचर (इनलेट) वजा ड्रायरमधून बाहेर जाणाऱ्या हवेचं (एक्झॉस्ट), भागिले आत येणारं वजा बाहेरच्या हवेचं. बाहेर ३०, इनलेट १२०, एक्झॉस्ट ६० असेल तर ९० पैकी ६०, म्हणजे ६७ टक्के. एक्झॉस्ट ७५ झाला की ५० टक्के. म्हणून बघायचा आकडा एक्झॉस्टचा आहे. इनलेट वाढवला आणि हवा तेवढीच ठेवली तर एक्झॉस्टही वर जातो आणि फायदा चिमणीतून जातो. इनलेट वाढवताना हवा कमी करा, एक्झॉस्ट आहे तिथेच धरून ठेवा. एक्झॉस्ट ६० वर धरून इनलेट १०० वरून १४० वर नेला तर हाच हिशोब ५७ वरून ७३ टक्क्यांवर जातो.

हवा किती कमी करायची याला मर्यादा आहेतच. फ्लुइड बेडमध्ये माल उडत राहिला पाहिजे, ट्रे ड्रायरमध्ये सगळ्या ट्रेवरून हवा फिरली पाहिजे, आणि एक्झॉस्ट दवबिंदूच्या फार जवळ जाता कामा नये. ६० डिग्रीच्या एक्झॉस्टमध्ये किलोमागे ५० ग्रॅम ओलावा असेल तर दवबिंदू ४० च्या आसपास येतो, २० डिग्रीचं अंतर आहे, ठीक आहे. हे अंतर १० च्या खाली गेलं की बॅग फिल्टरच्या थंड कोपऱ्यात पाणी धरतं, धूळ चिखल होऊन बसते आणि हवा अडते. बॅग फिल्टर आणि डक्टला इन्सुलेशन नसेल तर आधी ते करा, मगच एक्झॉस्ट खाली आणा.

ट्रे ड्रायरमध्ये एक्झॉस्ट डॅम्पर (हवेची वाट कमी-जास्त करणारी झडप) कायम पूर्ण उघडा ठेवणं ही जवळपास सगळीकडची सवय आहे. अशा ड्रायरमध्ये बहुतेक हवा परत फिरायला हवी आणि थोडीच बाहेर जायला हवी. सुरुवातीला जास्त उघडा, ओलावा उतरला की टप्प्याटप्प्याने बंद करत न्या, डॅम्परच्या हँडलवर तीन खुणा रंगवा म्हणजे प्रत्येक शिफ्ट सारखं चालवेल.

सावधान: सॉल्व्हेंटच्या मालात "डॅम्पर बंद करा" हा सल्ला जसाच्या तसा लावू नका. व्हेपर स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या २५ टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे, नाहीतर पूर्ण सिस्टिम नायट्रोजनवर हवी. सॉल्व्हेंट नसलं तरी बऱ्याच ऑरगॅनिक मालाची कोरडी धूळ पेट घेते, एक्स्प्लोजन व्हेंट आणि अर्थिंगची तपासणी सोडू नका.

## ७. व्हॅक्यूम ड्रायर असेल तर

इथे हवा तापवून फेकायचीच नसते त्यामुळे उष्णतेची बचत आपोआप होते. १०० मिलीबारला पाणी ४६ डिग्रीला उकळतं, ५० मिलीबारला ३३ ला. पण क्रम चुकला की सगळं बिघडतं.

आधी रिकाम्या ड्रायरची लीक टेस्ट: व्हॅक्यूम लावा, व्हॉल्व्ह बंद करा, प्रेशर किती वेगाने चढतं ते लिहा. नंतर माल भरा, आधी व्हॅक्यूम हळूहळू, मग जॅकेट. जॅकेट आधी तापवलं की ओला माल भिंतीला भाजून चिकटतो आणि पुढच्या सगळ्या बॅचची उष्णता त्या पापुद्र्यातून जाते. व्हॅक्यूम एकदम ओढला तर माल उसळून व्हेपर फिल्टरमध्ये जातो.

अ‍ॅजिटेटर सुरुवातीला सतत फिरवू नका. केक चिकट असतो तेव्हा सतत फिरवला की लाडू वळल्यासारखे गोळे होतात, ते नंतर फुटत नाहीत. दर काही मिनिटांनी थोडा फिरवायचा, भुरभुरीत झाला की सलग. शेवटी मालाचं टेंपरेचर उतरवा, मग नायट्रोजनने व्हॅक्यूम सोडा.

वाळायला उशीर होतोय आणि प्रेशर तर बरोबर दिसतंय? गेज पंपाजवळ आहे का बघा. व्हेपर फिल्टर चोक असेल तर पंपाजवळ ३० मिलीबार आणि मालावर १२० असू शकतं. गेज मालाच्या बाजूला हवा.

## ८. शेवटचा टप्पा आणि थांबायची वेळ

पृष्ठभाग सुकला की फटीत अडकलेलं पाणी हळूहळू बाहेर येतं, हवा कितीही मारा, वेग वाढत नाही. एक्झॉस्ट चढायला लागला की समजा हा टप्पा आला. इथे दोन गोष्टी लगेच करा: इनलेट खाली आणा, कारण आता माल खरोखर तापतोय, आणि ब्लोअरचा स्पीड कमी करा. फॅनची पॉवर स्पीडच्या घनात बदलते, स्पीड २० टक्क्यांनी उतरवला की पॉवर जवळपास निम्मी. वाळलेला माल हलका असल्याने उडायला कमी हवाही पुरते आणि भुकटी कमी होते. डॅम्पर दाबून हवा कमी केली तर एवढी वीज वाचत नाही, व्हीएफडीने (मोटरचा स्पीड बदलणारं युनिट) करा.

थांबायचं कधी? "रोज चार तास" हे उत्तर नको. दहा-पंधरा बॅचमध्ये एक्झॉस्ट टेंपरेचर आणि क्यूसीचा ओलावा शेजारी शेजारी लिहा, कुठल्या टेंपरेचरला माल पास होतो ते दिसायला लागतं. त्या टेंपरेचरला सॅम्पल, पास झाला की बंद. स्पेसिफिकेशन जास्तीत जास्त ०.५ टक्के आहे आणि तुमचा माल ०.०८ जातोय तर तो सगळा वेळ आणि स्टीम फुकट, शिवाय जास्त वाळलेला माल घासून भुकटी देतो आणि स्टॅटिक धरतो. ०.३ च्या आसपास टार्गेट ठेवा.

चेक: सॅम्पल तीन जागांहून घ्या आणि लगेच बाटली घट्ट बंद करा. गरम सॅम्पल उघडं ठेवून लॅबपर्यंत नेलं की ओलावा धरतं, फेल येतं, आणि पास बॅच परत ड्रायरमध्ये.

## ९. आता हीट रिकव्हरी

याआधीचं सगळं झाल्यावर एक्झॉस्ट बराच थंड आणि कमी झालेला असतो, म्हणून आधीच्या आकड्यांवर मागवलेलं एक्स्चेंजर आता मोठं ठरतं. हेच कारण आहे की हा टप्पा शेवटी ठेवायचा. एक्झॉस्ट ६० वरून ४५ वर आणून ती उष्णता ताज्या हवेला दिली तर हवा १५ डिग्रीच्या आसपास तापेल, ९० पैकी १५, म्हणजे सहावा हिस्सा. वाईट नाही, पण खूपही नाही. खरी उष्णता वाफेत आहे आणि ती काढायला दवबिंदूच्या खाली जावं लागतं, तिथे ओली धूळ आणि गंज येतो. त्यामुळे एक्स्चेंजर बॅग फिल्टरच्या नंतरच लावा आणि धुता येईल असा घ्या.

त्याआधी सोप्या गोष्टी उरल्यात का बघा. हीटरचं कंडेन्सेट बॉयलरला परत जातंय का, त्याच्या फ्लॅश स्टीमवर ताजी हवा आधी तापवता येईल का, ट्रॅप गळतायत का, हीटरच्या फिन्समध्ये धूळ आहे का, इनलेट फिल्टर चोक आहे का. ड्रायर निगेटिव्ह प्रेशरला चालत असेल तर दरवाजाच्या गास्केटमधून थंड हवा आत ओढली जाते, हात फिरवून किंवा कागदाची पट्टी धरून लगेच कळतं (सॉल्व्हेंटच्या ठिकाणी ज्वाला किंवा अगरबत्ती चुकूनही नको).

## १०. थंड करून मगच बॅग

गरम माल पॅक केला की बॅगेच्या मध्यात गरम आणि कडेला थंड असं होतं, उरलेला थोडा ओलावा मधून कडेला सरकतो, तिथे दाणे किंचित विरघळून परत जुळतात आणि बॅग वीट होते. मग तोच माल परत फोडा, चाळा, कधी परत वाळवा. दुप्पट एनर्जी गेली. मालाचं स्वतःचं टेंपरेचर, हवेचं नव्हे, ४० डिग्रीच्या खाली आणल्याशिवाय बॅग शिवायची नाही.

थंड करायची हवा कोरडी लागते, आणि इथे लोक गफलत करतात. ३० डिग्रीची, ८० टक्के आर्द्रतेची हवा ९० डिग्रीला तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता ५ टक्क्यांच्या आत येते, म्हणून वाळवायला दमट दिवसांतही तेवढा फरक पडत नाही. पण हीटर बंद करून तीच हवा मालावर सोडली तर तो तिच्यातलं पाणी ओढतो. प्रत्येक मालाची एक आर्द्रता असते जिच्या वर तो पाणी धरतो, ३० डिग्रीच्या आसपास शुद्ध मिठासाठी ती साधारण ७५ टक्के, अमोनियम नायट्रेटसाठी ६० च्या आसपास, आणि इम्प्युरिटी असेल तर आणखी खाली. सगळ्या हवेसाठी डीह्युमिडिफायर लावायची गरज नाही, फक्त कूलिंगच्या हवेपुरता लावा, तेवढा पुरतो.

चेक: पॅक केल्यावर एक बॅग बाजूला काढून तिच्यावर चार-पाच बॅगा ठेवा, ४८ तासांनी फोडून हाताने दाबून बघा. मध्यभागी भुरभुरीत आणि कडेला गाठी असतील तर माल गरम पॅक झालाय. सगळीकडे गाठी असतील तर चौथ्या टप्प्यावर परत जा, वॉश तपासा.